डिस्कवरची जुनी पाटी

नवीन पनवेलमध्ये राहणाऱ्या मुलांना ‘सेक्टर’ हा शब्द नवा नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने तिथली वसाहत आखली ती सेक्टर आणि भूखंड पाडूनच. संगणकाची डिस्क, मग ती आतली हार्ड डिस्क असो की खिशातला पेनड्राइव्ह, अशीच आखलेली असते. तिथला सेक्टर म्हणजे सामान्यतः ५१२ बाइटांचा एक तुकडा (काही नव्या डिस्कमध्ये तो ४०९६ बाइटांचा असतो). या सेक्टरांना शून्यापासून क्रमांक दिलेले असतात. अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतच्या सलग सेक्टरांचा एक भूखंड पाडला की त्याला ‘पार्टिशन’ म्हणतात.

आता एक नेहमीचा प्रसंग पाहा. पेनड्राइव्हमध्ये सहलीचे फोटो आहेत हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तो लिनक्सच्या संगणकाला जोडावा, आणि पार्टिशन दाखवणाऱ्या जीपार्टेडसारख्या प्रोग्रॅमने ‘अनोळखी’ एवढाच शब्द लिहून मोकळे व्हावे! किंवा त्याहून चमत्कारिक म्हणजे, महिन्यापूर्वी पुसून टाकलेल्या भलत्याच गोष्टीचे नाव दाखवावे. लिनक्सची डिस्क विंडोजला जोडली तर अनेकदा प्रश्न येतो, ‘फॉरमॅट करायची का?’ घाईत ‘हो’ म्हटले की फोटो अडचणीत. वास्तविक डिस्क बिघडलेली नसते. तिची ओळख पटलेली नसते, इतकेच. पण ही ओळख पटते तरी कशी?

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिला सेक्टर, म्हणजे शून्य क्रमांकाचा, हिशेबासाठी राखलेला असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करण्याच्या सूचनांसाठी असतात. पुढच्या ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांच्या. शेवटच्या दोन बाइटांत ८५ आणि १७० हे आकडे लिहिलेले असतात. बेरीज करून पाहा, बरोबर ५१२ भरते. ८५ आणि १७० हेच आकडे का, असे वाटेल. ते द्विमान पद्धतीत लिहून पाहा: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. ‘हा सेक्टर रिकामा नाही, इथे हिशेब लिहिला आहे’ असे सांगणारी ही खूण आहे.

चार नोंदींपैकी प्रत्येकीत पार्टिशन कोठे सुरू होते, किती सेक्टरांचे आहे आणि ते कोणत्या प्रकारचे आहे हे लिहिलेले असते. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांनी सातबारा पाहिलाच असेल. गाव नमुना सातवर जमीन कोणाची आणि किती हे असते, बारावर त्या जमिनीत कोणते पीक आहे ते असते. डिस्कवरची नोंदही अशीच सात आणि बारा मिळून आहे. मात्र तिच्या ‘बारा’वर फारसे विसंबता येत नाही. प्रकाराचा आकडा ७ असेल तर आत विंडोजची एनटीएफएस असेल, नाहीतर एक्सफॅट असेल. दोघींना एकच आकडा. १३१ असेल तर लिनक्सची कोणतीतरी फाइल-सिस्टिम आहे एवढेच कळते. ती ईएक्सटी४ आहे, एक्सएफएस आहे की बीटीआरएफएस, याचा पत्ता नाही. (फाइल-सिस्टिम म्हणजे फाइली कोठे ठेवायच्या, त्यांची नावे कोठे लिहायची, मोकळी जागा कशी मोजायची याची ठरलेली पद्धत.) शिवाय पार्टिशन नव्याने फॉरमॅट करताना हा आकडा बदलायचा राहून गेला तरी डिस्क कुरकुर करत नाही. पनवेल तालुक्यात भाताच्या खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तिथे जुना कागद हातात घेऊन भात शोधणाऱ्या माणसाची जी गत होईल, तीच नुसत्या या आकड्यावर विसंबणाऱ्या प्रोग्रॅमची.

म्हणून शहाणा प्रोग्रॅम कागद बाजूला ठेवून शेतावर जातो. लिनक्समध्ये हे काम करणाऱ्या साधनाचे नाव बीएलकेआयडी, आणि जीपार्टेडही ओळख पटवण्याचे बरेचसे काम त्याच्याकडेच सोपवतो. प्रत्येक फाइल-सिस्टिम आपल्या पार्टिशनात ठरावीक जागी स्वतःची खूण लिहून ठेवते, जणू फाटकावरची पाटी. बाइटही शून्यापासून मोजायचे. एनटीएफएस पहिल्याच सेक्टरात, तिसऱ्या बाइटापासून आपले नाव अक्षरांत लिहिते. एक्सएफएस अगदी शून्याव्या बाइटापासून चार अक्षरे लिहिते. ईएक्सटी घराण्याची खूण १०८० व १०८१ या दोन बाइटांत असते, आकडे ८३ आणि २३९. बीटीआरएफएसची पाटी बरीच आत, ६५६०० व्या बाइटापासून पुढे. सीडीसाठी ठरवलेली आयएसओ ९६६० ही पद्धत ३२७६९ व्या बाइटापासून ‘सीडी००१’ ही पाच चिन्हे लिहिते.

प्रत्येकाची पाटी वेगळ्या जागी असते, आणि साऱ्या गोंधळाचे मूळ इथेच आहे. नवा भाडेकरू आला आणि त्याने आपली पाटी दाराशी लावली, पण आधीच्याची पाटी माडीवर तशीच राहिली, तर पोस्टमनने काय समजायचे?

याचे सर्वांत जास्त आढळणारे उदाहरण पेनड्राइव्हचेच आहे. लिनक्स बसवण्यासाठी त्याची आयएसओ प्रतिमा पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवतात. या प्रतिमा दुहेरी बनवलेल्या असतात. आयएसओ ९६६० पद्धतीत सुरुवातीचे ३२७६८ बाइट मोकळे सोडलेले असतात. त्या मोकळ्या जागेत डिस्कचा हिशेबाचा सेक्टरही लिहून ठेवतात. त्यामुळे तीच प्रतिमा सीडीवरूनही चालते आणि पेनड्राइव्हवरूनही. युक्ती मोठी छान आहे. पण काम झाल्यावर आपण पेनड्राइव्ह पुन्हा साध्या वापरासाठी तयार करतो, आणि तिथे मेख आहे. हिशेबाचा सेक्टर नव्याने लिहिला जातो. नवे पार्टिशन हल्ली बहुधा २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतात. म्हणजे २०४८ गुणिले ५१२, अर्थात १०४८५७६ व्या बाइटापासून. फॉरमॅट होते ते त्याच्या पुढचे. मधल्या दहा लाखांहून अधिक बाइटांच्या पट्ट्यात कोणी फिरकतच नाही, आणि ३२७६९ वा बाइट नेमका त्याच पट्ट्यात येतो. ‘सीडी००१’ तिथेच ठाण मांडून बसते. मग नव्या पार्टिशनात फोटो सुखरूप असूनही प्रोग्रॅमला सबंध पेनड्राइव्ह म्हणजे एक जुनी सीडी वाटते, आणि पडद्यावर गेल्या वर्षीच्या लिनक्सचे नाव झळकते.

दोन परस्परविरोधी पाट्या दिसल्या तर बीएलकेआयडी अंदाज करत बसत नाही. सखोल तपासणीत तो ‘निकाल संदिग्ध’ असा संकेत देतो (त्याचा क्रमांक ८) आणि नाव सांगायचे टाळतो. वरच्या प्रोग्रॅमला नाव मिळाले नाही की तो ‘अनोळखी’ लिहितो. वापरणाऱ्याला याचा राग येतो खरा, पण माझ्या मते हेच योग्य आहे. चुकीचे नाव धरून डिस्कवर लिहायला सुरुवात झाली तर नुकसान भरून येत नाही. ‘ठाऊक नाही’ म्हटल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

तुम्हाला हे स्वतः तपासायचे असेल तर खऱ्या डिस्कला हात लावण्याचीही गरज नाही. लिनक्समध्ये साधी फाइलसुद्धा डिस्कसारखी वागवता येते. शिक्षकांच्या मदतीने १६ मेगाबाइटची एक रिकामी फाइल तयार करा आणि ती ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करा. आता प्रत्येक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने ती उघडून १०८० वा बाइट गाठा. हे प्रोग्रॅम सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून तिथे ‘५३’ आणि त्याच्या पुढे ‘ईएफ’ दिसेल. पाच गुणिले १६ अधिक ३ म्हणजे ८३. ई म्हणजे १४ आणि एफ म्हणजे १५ धरा; १४ गुणिले १६ अधिक १५ म्हणजे २३९. खूण सापडली! हे दोन बाइट कागदावर टिपून ठेवा आणि मग दोन्हींच्या जागी शून्य लिहा. आता बीएलकेआयडीला विचारा. तो गप्प. सुमारे १ कोटी ६७ लाख बाइटांपैकी फक्त दोन बदलले आणि सबंध फाइल-सिस्टिम अनोळखी झाली! ते दोन आकडे पुन्हा जागच्या जागी लिहिले की ती लगेच ओळखली जाते, आतले सारे शाबूत. ज्याने हा प्रयोग एकदा केला तो ‘अनोळखी’ हा शब्द पाहून फॉरमॅटचे बटण दाबणार नाही.

खऱ्या डिस्कवरचा गोंधळ निस्तरायचा तर लिनक्समध्ये वाइपएफएस नावाचे साधन आहे. नाव ऐकून भीती वाटते, कारण वाइप म्हणजे पुसणे. पण नुसते डिस्कचे नाव देऊन चालवले तर ते काहीच पुसत नाही, कोणत्या बाइटावर कोणती खूण सापडली याची यादी तेवढी दाखवते. ही यादी समोर आली की निम्मे काम झाले. आपल्या पेनड्राइव्हच्या यादीत एक ओळ पार्टिशनांच्या हिशेबाची असेल, ५१० व्या बाइटावर. दुसरी आयएसओची, ३२७६९ वर. यांतली जुनी कोणती? अंदाजाने ठरवू नये. पार्टिशन फक्त वाचण्यापुरते जोडावे आणि आजच्या फाइली कोठे दिसतात ते पाहावे. त्यांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. मग पेनड्राइव्ह वापरातून सोडवून, फक्त ३२७६९ ही जागा सांगून तेवढीच खूण पुसायची. वाइपएफएसला आधी सांगून ठेवले तर पुसलेले बाइट ते एका छोट्या फाइलीत जपून ठेवते, म्हणजे चूक झाली तरी परत लिहिता येतात. मी तर ही सोय वापरल्याशिवाय एकही खूण पुसू नये असे म्हणेन. शेवटी पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावायचा, म्हणजे संगणक नव्याने वाचन करतो.

सर्वांत मोठा धोका मात्र याहून साधा आहे. लिनक्समध्ये डिस्कची नावे एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी एकेका अक्षराने वेगळी असतात. पेनड्राइव्ह समजून संगणकाच्या मुख्य डिस्कचे नाव लिहिले तर वरची सगळी काळजी वाया जाते. नावाशेजारी दिसणारी क्षमता पाहून खात्री करून घ्यावी. ३२ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह आणि ५०० गिगाबाइटची डिस्क यांत गल्लत होऊ नये.

नव्या मोठ्या डिस्कवर हिशेबाची जीपीटी ही पद्धत असते. तिच्यात १२८ नोंदींची सोय असते आणि त्या हिशेबाची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत ठेवलेली असते. अशी डिस्क जुन्या पद्धतीने पुन्हा आखताना काही प्रोग्रॅम फक्त सुरुवातीचे पुसतात आणि शेवटची प्रत विसरतात. मग सुरुवात एक सांगते आणि शेपूट दुसरेच. अशा वेळी जीपार्टेडच्या मागे काम करणारा पार्टेड हा प्रोग्रॅम सावधगिरीची सूचना देऊन थांबतो. उपाय तोच: आधी यादी, मग प्रत, मग नेमकी शिळी खूण तेवढी पुसणे.

जाता जाता एक गणित. ३२७६९ व्या बाइटाला ५१२ ने भागले तर भागाकार ६४ येतो आणि बाकी १ उरते, म्हणजे सीडीची पाटी ६४ क्रमांकाच्या सेक्टरात आहे. बीटीआरएफएसची पाटी कोणत्या सेक्टरात, आणि त्या सेक्टराच्या कितव्या बाइटापासून सुरू होते, ते तुम्ही काढा.