कागदाला कापड, माणसाला खुर्ची

मी तंजावूरच्या मराठी घरातली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि पोटापाण्याला मोडी, असं आयुष्य गेलं. तंजावूरच्या भोसले राजांच्या काळातले कागद वाचायचे, देवनागरीत उतरवायचे, गोषवारा काढून तो तमिळमध्ये लिहवून घ्यायचा, हे माझं काम. नोकरी एका कचेरीत होती आणि सवड मिळाली की पाय राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाकडे वळत. आता मोडी शिकायला मुलंमुली घरी येतात. त्यांना मी अक्षरांच्या आधी बसायला शिकवते. त्यांच्याचसाठी हे लिहिते आहे.

१. टेबलाची उंची आधी बघा, अक्षरं नंतर.

कचेरीचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच येतं, खुर्चीची बैठक ४५च्या आसपास. उंच माणसाचं त्यावर भागतं. बुटक्या बाईचे पाय मात्र अधांतरी राहतात आणि लिहिताना खांदे वर चढतात. मोडी वाचणाऱ्याचं दुखणं यापुढचं आहे. छापील पुस्तक हातात धरून मागे टेकता येतं, पण दोनशे वर्षांचा कागद उचलता येत नाही. तो टेबलावर सपाट पडलेला असतो. अक्षर अक्षराला जोडलेलं, शब्द शब्दाला चिकटलेला, त्यामुळे एकेका ओळीवर बराच वेळ मान खाली. संध्याकाळी डोळ्यांच्या आधी मानच थकते.

यावर उपाय सोपा आहे. हलक्या उताराची एक फळी करून घ्यायची, खालच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठेवायची, म्हणजे कागद घसरत नाही. उतार फार उभा नको, जुना कागद स्वतःच्याच भाराने वाकतो. दुसरी आखूड फळी पायाखाली घ्यायची. कोपर टेबलाच्या पातळीला आलं आणि तळवे टेकले की बसणं जमलं. फणसाच्या लाकडातून वीणा घडवणारं आमचं गाव. असं काम करून देणारा सुतार शोधायला इथे लांब जावं लागत नाही.

२. दासबोधातला लेखनाचा समास प्रत्येक कारकुनाने वाचावा.

एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. तंजावुरात समर्थ संप्रदायाचे मठ आहेत, त्यामुळे दासबोध लहानपणापासून कानावर होता. पण या समासाचं मोल मला नोकरीला लागल्यावर कळलं. लेखण्या कशा असाव्यात, शाई कशी, ओळींत अंतर किती, सगळं त्यात आहे. दोन गोष्टी तर मी रोज पडताळून पाहिल्या. समर्थ सांगतात की अक्षर फार बारीक काढू नये, तरुणपणी ते वाचता येतं आणि म्हातारपणी कामाचं राहत नाही, म्हणून मध्यम काढावं. आणि कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही.

मी हाताळलेल्या कागदांत ज्या कारकुनाने कडेला जागा सोडली होती, त्याचा मजकूर पूर्ण हाती आला. ज्याने कडेपर्यंत लिहिलं, त्याच्या ओळींचे शेवट कसरीने नेले. आजही संगणकावर टंकताना माझ्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींना मी सांगते, अक्षर मोठं करा. पडद्याकडे झुकून वाचायची वेळ आणू नका.

३. थकवा कागदावर उतरतो.

मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो. मांडी घालून, गुडघ्यावर किंवा उतरत्या पेटीवर कागद धरून त्या काळचे कारकून लिहीत. सकाळचा मजकूर आणि दिवेलागणीचा मजकूर एकाच हाताचा असला तरी वेगळा दिसतो. वळणं सैल होतात, अक्षर रेघेपासून खाली उतरतं. छत्रांचे, म्हणजे धर्मशाळांचे, हिशेब वाचताना पानाच्या तळाशी आल्यावर मला त्या माणसाच्या मनगटाचा विचार येई.

बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने धंद्यांतून होणाऱ्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३च्या आवृत्तीत लेखनिकांवर प्रकरण आहे. त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊन धन्याचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तिसरं कारण लिहिणाऱ्या वैद्याला मी मनापासून मानते. खुर्ची कितीही चांगली दिली आणि डोक्यावर ओरडणारा माणूस उभा केला, तर पाठ सुटत नाही.

४. कागदाची जेवढी निगा, तेवढी वाचणाऱ्याचीही हवी.

माझं खरं सांगणं हेच आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

सरस्वती महालात मराठी राज्याच्या कागदांचे १३४२ गठ्ठे असल्याची नोंद आहे. सरफोजी राजे, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी, यांनी ग्रंथसंग्रहाला आकार दिला. १९१८मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि १९८३मध्ये संसदेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. आमच्याकडे पोथीची निगा राखायची रीत जुनी आहे. ताडपत्रं दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून दोरीने आवळायची, वरून कापड गुंडाळायचं. वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी यांची भरड पूड आणि कापूर पुरचुंडीत बांधून फडताळात ठेवायचा. वास उडाला की पुरचुंडी बदलायची. अशी पुरचुंडी बदलणारे हात मी पाहिले आहेत. घरातल्या आजाऱ्याचं अंथरूण बदलावं, तितक्या हलक्या हाताने ते काम चालतं.

मी जिथे नोकरी केली, तिथेही कागदाची काळजी होती. पोलादी कपाटांसाठी पैसे मंजूर होत. वाचणाऱ्यांच्या वेताच्या खुर्च्यांचा मात्र वेत सुटलेला, आणि खुर्चीचा अर्ज केला की तो पुढच्या वर्षावर जाई. गर्भारपणात एक सहकारी उशी घरून आणत असे. कचेरीत तीन माणसं मोडी वाचू शकतात, त्यातलं एक पाठदुखीने घरी बसलं, तर कपाटातला कागद कोण वाचणार? न वाचला गेलेला कागद सुरक्षित आहे असं मी मानत नाही. मोडी जाणणारा माणूस आज त्या कागदाहून दुर्मीळ आहे. कागदाला कापूर मिळतो त्याच अंदाजपत्रकात माणसाची खुर्ची बसली पाहिजे. हे मी तेव्हाही लिहून दिलं होतं.

५. कपाट भिंतीला चिकटवू नका.

आमच्याकडचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी, ऑक्टोबर ते डिसेंबर. भिंती ओल धरतात, आणि टेकून ठेवलेल्या कपाटाची पाठ आतून घामेजते. हात जाईल एवढी फट सोडावी, कपाट जमिनीपासून वीतभर उचलावं, खालच्या खणात कागद ठेवूच नयेत. २०१८च्या नोव्हेंबरात गज वादळ कावेरीच्या खोऱ्यावरून गेलं आणि कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पंखे बंद, हवा दमट. तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्यांचं महत्त्व सगळ्यांना समजलं.

६. कॉफीचं टेबल वेगळं.

दवरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात, उंचावरून ओतूनच कॉफी प्यायची, हा इथला शिरस्ता. तो मला प्रिय आहे. पण ओतताना शिंतोडे उडतात, म्हणून कॉफी कागदाजवळ नकोच. शिवाय कॉफीसाठी उठून दुसऱ्या टेबलाशी जावं लागलं की पाठही सरळ होते आणि बोलणंही होतं. कितीतरी अडलेले शब्द मला तिथे, दहीभाताचे डबे उघडताना सुटले आहेत.

७. यादी नसेल तर कपाट बंदच समजा.

ए. सी. बर्नेल तंजावूरचे जिल्हा न्यायाधीश होते. राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची त्यांनी केलेली वर्गवार सूची १८८०च्या सुमारास छापली गेली, तेव्हा बाहेरच्या विद्वानांना इथे काय आहे ते नीट समजलं. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून यादी लावा. गठ्ठा काढणाऱ्याने तारीख टाकावी. याहून जास्त या विषयावर सांगण्यासारखं नाही.

८. टेबल दोघांचं असू द्या.

मी मोठ्याने वाचायची, शेजारी बसलेल्या तमिळ अक्का लिहून घ्यायच्या. तमिळ विद्यापीठ १९८१मध्ये तंजावुरात सुरू झालं आणि पुढे तिथून मोडी कागदांचे तमिळ अनुवाद खंडरूपाने छापले गेले. आमच्या राजांच्या कागदांना या भूमीच्या भाषेत वाचक मिळाले, याचा मला फार आनंद आहे. अशा कामाला समोरासमोरची बैठक उपयोगाची नाही. समोरच्याला कागद उलटा दिसतो. शेजारी शेजारी, एकच दिवा, आणि दोन्ही कोपरं मोकळी राहतील एवढी रुंदी हवी. अक्कांना मोडी येत नव्हती, पण एखाद्या नोंदीत धान्याचं माप चुकीचं वाचलं जात असेल तर त्या लगेच थांबवत. शेतीच्या घरातल्या होत्या, कावेरीकाठचं कोणतं माप कुठे चालतं ते त्यांना ठाऊक होतं. समोरासमोर बसलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती.

९. काम करणाऱ्याचं नाव कामावर असावं.

बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा मराठी इतिहास कोरलेला आहे, १८०३ सालचा. त्यात राजाबरोबर मजकूर सिद्ध करणारा चिटणीस बाबूराय याचंही नाव आहे. शिकणाऱ्या मुलामुलींना मी आवर्जून तिथे नेते. प्रत्येक लिप्यंतराच्या तळाशी त्यांनी आपलं नाव लिहायचं, असा आमचा नियम आहे.

१०. उभ्या माणसाकडे बघा.

दरबारात कोणी कुठे बसायचं आणि कोणी उभं राहायचं, हे ठरलेलं असे. ती रीत तंजावूरच्या राज्याबरोबर १८५५मध्ये संपायला हवी होती. तरी कापडाच्या दुकानांतल्या मुली दिवसभर उभ्याच राहत आल्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. केरळने २०१८मध्ये कायदा बदलून दुकानांतल्या कामगारांना बसण्याची सोय देणं बंधनकारक केलं, कोळिकोडच्या कामगार बायकांनी त्यासाठी मोठा लढा दिला होता. तमिळनाडूने २०२१मध्ये तशीच तरतूद केली. मी जन्मभर खुर्चीबद्दल भांडले, पण माझ्याकडे खुर्ची होती. या बायकांना स्टुलासाठी कायदा लागला.

माझ्या ओळखीची एक मुलगी साड्यांच्या दुकानात आहे. कायद्यानंतर स्टूल आलं, पण ते टेबलाखुर्चीच्या मापाचं. त्यावर बसलं की काउंटरवर हनुवटी येते, म्हणून कोणी बसत नाही. काउंटर ९० सेंटिमीटरचा असेल तर बैठक ६० ते ६५ सेंटिमीटर उंच हवी आणि पाय टेकायला मध्ये आडवी पट्टी. हे माप मी तिला चिठ्ठीवर तमिळमध्ये लिहून दिलं आहे, आणि उतरत्या फळ्या करून देणाऱ्या आमच्या सुताराचा पत्ताही.