मॅच रविवारची, पण निघा शनिवारी

अगं, तिकिटं मिळाली हे ऐकून फार बरं वाटलं. वानखेडे, रविवारची दुपारी साडेतीनची मॅच, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सांगलीहून सासूबाई येतायत. पण तू फोनवर जो बेत सांगितलास, तो ऐकल्यापासून मला चैन नाही. सकाळी गेटवे, मग म्युझियम, मग राणीची बाग, मग मत्स्यालय, आणि तिथून थेट स्टेडियम! एप्रिलच्या उन्हात, दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बरोबर असताना? तारापोरवाला मत्स्यालय तर बंदच आहे. राणीची बाग भायखळ्याला, म्हणजे उलट्या दिशेला.

मुलं थकतील, याची मला तेवढी काळजी नाही. ती पाचव्या षटकाला झोपतील आणि षटकार बसला की उठतील. मला काळजी तुझी आहे. अशा दिवसात बाईच्या वाट्याला काय येतं, ते आपण आईचं पाहिलंय. पिशव्या, पाणी, कुणाला भूक लागली, कुणाला शू लागली, कुणाची टोपी हरवली. मैदानात काय चाललंय ते तिला बाकीच्यांच्या ओरडण्यावरून कळायचं. आणि तू तर ती मुलगी आहेस, जी बाबांच्या रेडिओशेजारी बसून वहीत एकेका चेंडूचा हिशोब लिहायची. बोरिवलीच्या त्या घरात तुझ्याइतकं क्रिकेट कुणालाच कळत नव्हतं. म्हणून सांगते, या वेळी मॅच तू बघायची आहेस. बाकी सगळं त्यासाठी आधी उरकून टाकू.

तर दोन दिवस कर. शनिवारी शहर, रविवारी फक्त मॅच.

शनिवारी लोकलने जाऊ नका. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्यापर्यंत जा, तिथे ॲक्वा लाइन पकडा आणि सीएसएमटीला उतरा. ऑक्टोबर २०२५ पासून ही लाइन थेट कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे आपल्या उपनगरातल्या बायकांचं दक्षिण मुंबईला जाणं खरोखर सोपं झालंय. लिफ्ट आहे, एसी आहे, सासूबाईंना पूल चढायला नको. लवकर निघा, नऊच्या आत तिथे पोहोचा. बाहेर आलात की आधी स्टेशनची इमारतच नीट दाखव. आपण तिथून शंभर वेळा गाडी पकडली असेल, पण मान वर करून तिच्याकडे बघत नाही. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली, २००४ पासून जागतिक वारसा. दगडात कोरलेले प्राणी मुलांना शोधू दे, अर्धा तास सहज जाईल. समोर आरामचा वडापाव खा. हाच नाश्ता.

आणि मग आझाद मैदान. माझं ऐक, मॅचची खरी सुरुवात इथून कर. शनिवारी सकाळी तिथे एकाला लागून एक इतके सामने चालू असतात, की एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा दिसतो. तिकीट नाही, कुणी अडवत नाही. कडेला सावली बघून सासूबाईंना बसव आणि मुलांना सांग, १९८८ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली होती. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. तुझ्या थोरल्याला वाटतं की क्रिकेटपटू टीव्हीत जन्माला येतात. त्याला ती पांढऱ्या कपड्यांतली, धुळीने माखलेली, किटबॅग ओढत लोकलने आलेली मुलं दिसली पाहिजेत.

मैदानाच्या टोकालाच बॉम्बे जिमखाना. भारतातली पहिली कसोटी तिथे खेळली गेली, डिसेंबर १९३३ मध्ये. सी. के. नायडू कर्णधार, आणि लाला अमरनाथांनी दुसऱ्या डावात ११८ धावा काढल्या. त्या काळी त्या जिमखान्याचं सभासदत्व फक्त गोऱ्यांना मिळायचं, हेही मुलांना सांग. आणि तिथेच बाळू पालवणकरांची गोष्ट सांग, कारण शाळेत ती कुणी सांगणार नाही. पुण्यात मैदानाची देखभाल करणारा, चांभार समाजातला हा मुलगा गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकता टाकता असा काही तयार झाला, की धर्मावरून संघ असण्याच्या त्या काळात हिंदू संघाला त्याच्याशिवाय जिंकता येईना. तरी चहाच्या वेळी त्याला वेगळ्या, मातीच्या मडक्यातून चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही, पण त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला. मला ही गोष्ट सांगताना अजूनही घसा दाटून येतो. दहा वर्षांच्या मुलाला ती नीट कळते. त्याला शाळेतला अन्याय कळतो, तसाच हाही कळतो.

पुढे हुतात्मा चौक ओलांडून ओव्हल मैदानाकडे या. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती, आणि मधे पुन्हा क्रिकेट. हा सगळा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. सासूबाईंना चालवत नसेल तर बसने या; जवळच्या भाड्याला टॅक्सीवाले कुरकुर करतात. म्युझियम यात कोंबू नकोस. ते एका वेगळ्या दिवसाचं काम आहे, आणि सासूबाई महिनाभर राहणार आहेत.

चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीतच के. रुस्तमचं आइस्क्रीम मिळतं, दोन बिस्किटांच्या मधे ठेवलेलं. ते हातात घेऊन मुलांना विचार, ब्रेबॉर्न इथे असताना चालत जाण्याइतक्या अंतरावर दुसरं स्टेडियम कशाला बांधलं? ब्रेबॉर्न १९३७ चं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. सामने तिथे व्हायचे, पण मुंबई क्रिकेट संघटनेला तिकिटांचा पुरेसा वाटा मिळेना. वाद वाढला, आणि संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं. शशी प्रभूंनी आराखडा केला, वर्षभराच्या आसपास काम उभं राहिलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटीही झाली. क्लाइव्ह लॉइडने त्यात नाबाद २४२ केल्या. अपमान झाल्यावर भांडत न बसता स्टेडियम बांधणारा माणूस मला फार आवडतो.

दुपारी एकपर्यंत घरी या. संध्याकाळी कुठेही नाही.

आता रविवार. सेंट्रलने जाऊ नका, हे पुन्हा सांगते. आम्हा मुलुंडकरांना रविवारचा मेगाब्लॉक पाठ आहे. तुम्हाला मेट्रोचाच रस्ता, फक्त या वेळी चर्चगेटला उतरायचं. घरून जेवून दीडला निघा. गेट नंबर आधीच बघून ठेव, कारण चुकीच्या गेटवर गेलात तर अख्ख्या स्टेडियमला वळसा पडतो. तिकिटाच्या अटी नीट वाच: पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी बॅग, सुटी नाणी, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. सासूबाईंची औषधं मात्र चिठ्ठीसकट जवळ ठेव. तुमच्या जागा पश्चिमेकडे तोंड करून असतील तर साडेसहापर्यंत ऊन थेट डोळ्यांत येईल. टोप्या आणि सुती ओढणी हवीच.

धाकटीच्या हातावर पेनाने तुझा आणि तिच्या बाबांचा फोन नंबर लिही. गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून चुकामूक झाली तर कुठल्या खांबाशी थांबायचं ते आत शिरतानाच मुलांना दाखवून ठेव. आणि बायकांच्या स्वच्छतागृहात जायचं असेल तर डाव संपायच्या एक षटक आधी जा. ब्रेकमध्ये ती रांग संपत नाही.

हे सगळं झालं की मुलांना त्यांच्या बाबांच्या दोन्ही बाजूंना बसव. तुझ्या नाही. तू सासूबाईंच्या शेजारी बस. त्यांना क्रिकेट कळत नाही असं तू म्हणतेस, पण सांगलीच्या बाईला विजय हजारे हे नाव माहीत नसेल असं मला वाटत नाही. हजारे सांगलीचेच. तिथून बोलायला सुरुवात कर. रोहित शर्माच्या नावाचं स्टँड दाखव, मे २०२५ मध्ये खुलं झालेलं, आणि सांग की हा मुलगा बोरिवलीत, आजी-आजोबांकडे वाढला. दिनेश लाड सरांनी त्याची शाळेची फी माफ करून घेतली होती.

धाकटीला पुरुषांचीच मॅच दाखवतेय म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तिला जेमिमाची गोष्ट सांग. तुमच्या पलीकडच्या भांडुपमध्ये जन्मलेली मुलगी, आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. समोर ३३९ चं लक्ष्य होतं. तीनच दिवसांनी त्याच मैदानावर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला. पुढच्या वेळी महिलांची मॅच मुंबईत असेल तेव्हा तिला आधी ने, तिकिटं मी काढते.

मॅच संपली की लगेच उठू नका. वीस मिनिटं बसून राहा, गर्दी ओसरू दे. मग चर्चगेटच्या लोंढ्यात न शिरता आधी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जा, भेळ खा, मुलांना पळू दे आणि नंतर मेट्रो पकडा. तोवर नऊ वाजले तरी हरकत नाही.

रविवारी रात्रीचा स्वयंपाक तू करायचा नाहीस. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेव, पिठलं, भात आणि सासूबाईंसाठी मऊ दशम्या मी दुपारीच आणून ठेवते. मुलांचे सोमवारचे गणवेश तेवढे शनिवारी संध्याकाळी इस्त्री करून घे.