काचकागद हातात घेण्याआधी

सावंतवाडी

चि. सोनू,

फोटो मिळाले. विरारला मनवेलपाड्याच्या घरातल्या आजीच्या सागवानी टेबलावर पांढरे चट्टे आलेत, एका कोपऱ्यात गरम पातेल्याचा गोल उमटलाय आणि तू काचकागद आणून सगळं घासून काढायला निघाला आहेस. बाबा, तो कागद आधी बाजूला ठेव. तुझं लाकूड शाबूत आहे. बिघडलंय ते वरचं पॉलिश, आणि तेसुद्धा बहुतेक पुरतं गेलेलं नाही.

आधी पॉलिश कसलं आहे ते ओळख. पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे स्पिरिटचा थेंब लाव. जागा चिकट झाली तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने सुटलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू. त्यात घरी हात घालू नये, पॉलिशवाल्याला बोलवावं. टेबल आजीच्या काळातलं, तेव्हा चपडाच निघेल असं मला वाटतं.

चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बसणारे बारीक किडे ती तयार करतात. रांचीजवळ नामकुमला तिच्या अभ्यासासाठी १९२४ पासून संस्था आहे. लाखेचा मोठा गुण असा, की वाळल्यावरही ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. त्यामुळे नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, सांधा दिसत नाही. हे असताना सगळं खरवडायचं कशाला? घासलंस तर इतक्या वर्षांत सागाला चढलेला तो काळसर तांबूस रंगही भुशाबरोबर जाईल, आणि तो बाजारात मिळत नाही.

चपड्याला पाणी आणि उष्णता सोसत नाही. विरारच्या पावसाळ्यात हवेतली ओल थरात शिरते, अडकते आणि पांढरी दिसते. म्हणून आत्ता थेंब लावून पाहण्यापलीकडे काही करू नकोस. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एखादी सकाळ निवड.

जुन्या मलमलीत कापूस घालून मुठीएवढा बोळा बांध. स्पिरिट इतकंच घे, की बोळा गालाला लावला तर नुसता गार लागावा. चट्ट्यावरून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलका, भरभर फिरव. हात चालता असतानाच टेकव आणि चालता असतानाच उचल. मध्ये थांबलास तर कापडाची नक्षी पॉलिशमध्ये उमटेल. थर क्षणभर मऊ होतो, ओल निघून जाते, चट्टा विरतो. पहिल्यांदा नाही गेला तर वाळू दे आणि पुन्हा कर.

ओरखडे असतील तर त्यांत भुसा आणि फेव्हिकॉल भरू नकोस. गोंद रंग पीत नाही, फिकट डाग कायम राहतो. चपड्याच्या दाट पाकात चिमूटभर गेरू आणि पिवडी मिसळून बारीक कुंचल्याने थोडं थोडं भर.

शेवटी नवा हात. पाचशे मिली स्पिरिटमध्ये शंभर ग्रॅम चपडा, रात्रभर काचेच्या बाटलीत. लोखंडी डब्यात तो काळा पडतो. दुकानातलं जुनं तयार पॉलिश घेऊ नकोस, शिळा चपडा धड वाळतच नाही. पातळ हात दे, प्रत्येक हात पूर्ण सुकू दे. बोळा ओढू लागला तर त्याला जवसाच्या तेलाचं एक बोट लाव.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नकोस. स्पिरिट पेट घेतं आणि विषारीही असतं. खिडक्या उघड्या ठेव, गॅस आणि देवघरातला दिवा बंद, मुलं लांब. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून टोपलीत टाकू नकोस, ते आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर पसरून वाळव, मग टाक.

थेंब लावून पाहिलास की काय झालं ते कळव. लॅकर निघालं तर पुढचं वेगळं सांगावं लागेल.

तुझा,
मामा