जुन्या जीपचे टायमिंग गिअर : निदान आणि दुरुस्ती

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका गावी काही वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना एक प्रसंग पाहावयास मिळाला. एका शेतकऱ्याची जुनी पेट्रोल जीप भाजीपाल्याच्या पोत्यांसह आठवडी बाजाराच्या वाटेवरच बंद पडली होती. सेल्फ मारला की इंजीन भरभर फिरे. पण सुरू होण्याचे नाव घेईना. जमलेल्यांपैकी कोणी कार्ब्युरेटरला दोष दिला, कोणी कॉइलला. एकाने तर "इंजीन बाद झाले, गाडी भंगारात घाला," असा निकालच दिला. इतक्यात एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पुन्हा सेल्फ मारावयास सांगितले. आतील रोटर जागचा हलला नाही. "मालक, इंजीन धड आहे. टायमिंग गिअरचे दात गेलेत," एवढेच ते म्हणाले. त्या एका वाक्याने एका कुटुंबाचे उपजीविकेचे साधन भंगारात जाण्यापासून वाचले. हे निदान कसे झाले आणि पुढील दुरुस्ती कशी करावयाची, हे जुने वाहन बाळगणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

गिअरचे कार्य

महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ केला. पुढे या जीपमध्ये सुमारे २.२ लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे हरिकेन इंजीन आले. या इंजिनाच्या पुढील बाजूस, टायमिंग कव्हरच्या आत दोन दंतचक्रे एकमेकांत गुंतलेली असतात. लहान चक्र क्रँकशाफ्टवर आणि त्याच्या दुप्पट दातांचे मोठे चक्र कॅमशाफ्टवर बसविलेले असते. त्यामुळे क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडतो व मिटतो.

मोठे चक्र आवाज कमी व्हावा म्हणून दाबून घडविलेल्या फायबरचे, पोलादी तुंब्यावर बसविलेले असे. ऑइल पंप कॅमशाफ्टवर आणि डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपावर चालतो. म्हणूनच दात तुटले की व्हॉल्व्ह, ठिणगी आणि तेलाचा पुरवठा ही तिन्ही कामे एकदम थांबतात. मिस्त्रींच्या निदानाचे रहस्य हेच होय.

दात का तुटतात?

दीर्घ वापराने फायबर झिजते, हे पहिले कारण. दुसरे कारण दुर्लक्षाचे. या चक्रांवर तेल उडविणारे एक बारीक छिद्र पुढील बाजूस असते. तेल वेळेवर न बदलल्यास ते गाळाने बुजते आणि चक्रे कोरडी फिरू लागतात. पुढील बाजूने येणारी टकटक, कार्ब्युरेटरमधून उसळणारा भडका आणि चढावर कमी पडणारी शक्ती ही आधीची लक्षणे होत. ती दिसताच तपासणी करावी. दात गेल्याची शंका आल्यावर मात्र वारंवार सेल्फ मारू नये.

तुटलेला दात जोडता येतो काय?

असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. फायबरचा दात जोडता येत नाही. धातूच्या चक्रावर वेल्डिंगने दात भरला, तरी उष्णतेने चक्र वाकडे होते, दातांतील अंतर बदलते आणि तो दात पुन्हा निखळण्याचा धोका राहतो. एक चक्र जुने व दुसरे नवे बसविणेही हिताचे नाही. झिजलेले दात नव्या दातांना लवकर खातात. म्हणून दोन्ही चक्रे जोडीनेच बदलावीत.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम बॅटरीची तार सोडवावी. इंजीन थंड झाल्यावर पाणी काढून रेडिएटर, फॅनचा पट्टा, क्रँक पुली व टायमिंग कव्हर उतरवावे. चक्रे पुलरनेच ओढून काढावीत. त्यानंतर तळाचे ऑइल चेंबर अवश्य उतरवावे. तुटलेल्या दातांचे तुकडे तेथेच साचतात व पंपाच्या जाळीत अडकतात. घाईमुळे ही पायरी गाळली, तर नवी चक्रे बसवूनही तेलाअभावी बेअरिंगे जळू शकतात. चेंबर, जाळी आणि तेलाचे बारीक छिद्र स्वच्छ करावे.

नवी चक्रे बसविताना त्यांवरील खुणा समोरासमोर आणाव्यात. एका दाताची चूक झाली तरी व्हॉल्व्हची वेळ बिघडते. कॅमचे चक्र हातोडीने ठोकून बसवू नये. फायबरला तडा जातो व कॅमशाफ्टला मागे धक्का बसतो. दातांमधील मोकळीक शून्य ते दोन हजारांश इंच, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ०.०५ मिलिमीटर असावी. कव्हरमधील ऑइल सील व पॅकिंग नवे घालावे. परंतु कव्हर लावण्यापूर्वी इंजीन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडथळा न येता खुणा पुन्हा समोरासमोर आल्या, तर जुळणी बरोबर आहे असे समजावे.

शेवटी टॅपेटची मोकळीक थंड इंजिनात इनटेकसाठी ०.०१८ इंच व एक्झॉस्टसाठी ०.०१६ इंच ठेवावी. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन माथ्यावर आणून रोटर त्याच सिलिंडरच्या तारेकडे आहे, याची खात्री करावी व ठिणगीची वेळ जुळवावी. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. नवे तेल भरून इंजीन सुरू करताच दृष्टी तेलाच्या दाबाच्या काट्यावर ठेवावी. काटा वर न आल्यास इंजीन तत्काळ बंद करावे.

वाहनधारकांस सूचना

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले आहे. खाजगी वाहनांना मात्र योग्यता तपासणीनंतर नोंदणी वाढवून घेता येते. तेव्हा जुने वाहन मोडीत काढावे की राखावे, हा निर्णय मालकाने विचारपूर्वक घ्यावा. तो ऐकीव मतावर नव्हे, तर योग्य निदानावर आधारलेला असावा. वेळच्या वेळी बदललेले तेल आणि जाणत्या मिस्त्रीचा सल्ला एवढ्याने अनेक जुनी इंजिने पुढेही निष्ठेने सेवा देऊ शकतील.