पहाऱ्याची बॅटरी

आपल्या राहुरी तालुक्यात बॅटरी नाही असे घर सापडणे कठीण. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात. कोणी टॉर्च म्हणतात. आपण बॅटरी म्हणतो, आणि या धड्यातही तसेच म्हणू. शेताची लाईट रात्री आली की पाणी धरायला रात्रीच जावे लागते. मुळेच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. पायाखाली नाग आहे, घोणस आहे. तेव्हा बॅटरी आपल्याला काठीइतकीच जवळची. शेतासाठी ती कशी घ्यावी, हे आम्ही तुम्हांला शिकवायला नको.

पण आपली पोरे आता भरतीला जातात. पहाटे मैदानावर पळतात. कोणी पोलिसात लागतो, कोणी कारागृह शिपाई होतो. कारागृह म्हणजे तुरुंग. मुलाची नेमणूक येरवड्याला झाली, की बाप बाजारात जातो. दुकानदार म्हणतो, "काका, ही घ्या. पार धरणाच्या भिंतीपर्यंत मारतीय!" बाप ती घेतो आणि पोराच्या पिशवीत घालतो. माया खरी आहे. पण शेतातल्या बॅटरीचे काम वेगळे आणि तुरुंगातल्या बॅटरीचे काम वेगळे.

शेतात आपण लांबचे पाहतो. दूर उसाच्या कडेला दोन डोळे चमकले की पुरे. आपण मागे फिरतो. तुरुंगात लांबचे पाहायला फक्त टेहळणीच्या मनोऱ्यावर लागते. बाकी सारे काम दहापंधरा पावलांतले. समोर चुन्याची पांढरी भिंत असते. तिच्यावर प्रखर झोत टाकला तर तो उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. दारावर टाकला तर पुढचे गज लखलखतात आणि गजांमागचा माणूस दिसेनासा होतो. पुन्हा अंधाराला सरावायला डोळ्यांना वीसपंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ शिपाई अर्धा आंधळाच म्हणायचा.

मग शिपायाने पाहायचे काय? दोन गोष्टी. लोखंड आणि माणूस.

आधी लोखंडाचे पाहू. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या राहुरीच्याच तुरुंगातून पाच कैदी पळाले. खिडकीचे गज कापून पळाले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये संगमनेरच्या तुरुंगातून चार कैदी पळाले. तेही गज कापूनच. गज काही भाजीसारखा चिरत नाही. त्याला वेळ लागतो. करवतीचे बारीक पाते थोडे थोडे चालवायचे आणि पडलेली चीर साबणाने किंवा मळाने बुजवायची, ही युक्ती जगभरच्या तुरुंगांत जुनी आहे. दिवसा सुद्धा ती चीर सहज दिसत नाही. म्हणून जुने शिपाई काठीने गज ठोकून पाहतात. आख्खा गज खणखणीत वाजतो, कापलेला बद्द वाजतो. पण कान एकटा पुरत नाही. डोळा पाहिजे, आणि रात्री डोळ्याला बॅटरी पाहिजे.

येथे एक गंमत आहे. ती घरी करून पाहा. रात्री दिवा मालवा. सारवलेल्या भिंतीवर समोरून बॅटरी मारा. भिंत सपाट दिसेल. आता बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि प्रकाश भिंतीवरून आडवा जाऊ द्या. बोटांचे ठसे, खडा, पोपडा, सारे वर येईल. प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, म्हणून तो दिसतो. गजाचेही तसेच. बॅटरी गजाला लावून प्रकाश गजावरून वर सोडावा आणि मग खाली. चीर बुजवलेली असली तरी तेथे बारीक रेघ दिसते. याला मोठी बॅटरी लागत नाही. उलट हातभर लांबीची बॅटरी खिडकीच्या कोपऱ्यात शिरतच नाही. वीतभरापेक्षा लहान, मुठीत मावणारी बॅटरी या कामाला चांगली.

आता माणसाचे. हे काम लोखंडापेक्षा अवघड.

रात्री कैद्यांची मोजणी होते. कैदी झोपलेले असतात. अंगावर कांबळे असते. शिपाई गजांतून पाहतो आणि आकडा मोजतो. अमेरिकेत समुद्राच्या खाडीत अल्कट्राझ नावाचे बेट आहे. तेथे फार कडेकोट तुरुंग होता. जून १९६२ मध्ये तेथून तीन कैदी नाहीसे झाले. त्यांनी साबण, दाताची पेस्ट, कागद अशा वस्तूंची खोटी मुंडकी बनवली होती. वर खरे केस चिकटवले होते. ती उशीवर ठेवून, कांबळे पसरून ते भिंतीतल्या भोकातून निघून गेले. पहारेकऱ्यांना रात्रभर अंथरुणात माणसेच दिसली. सकाळी उलगडा झाला. डोके दिसले, आकडा जुळला, पण श्वास कोणी पाहिला नाही.

श्वास पाहायचा असेल तर प्रकाश छातीवर टाकावा, डोळ्यांवर नव्हे. कांबळे वरखाली होते का, हे पाहावे. त्यासाठी प्रकाश मंद हवा आणि पसरट हवा. रात्रीतून चार वेळा कोणी आपल्या डोळ्यांत झगझगीत झोत मारला, तर आपल्याला कसे वाटेल? कैदी झाला तरी त्याला झोप लागतेच. शिवाय एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत सुमारे तीन जण कच्चे कैदी असतात. म्हणजे त्यांचा खटला चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही. उद्या त्यातला एखादा निर्दोष सुटून आपल्या शेजारच्या गावात परत यायचा आहे.

आणि पळून जाणे हीच एक भीती नाही. कोणाच्या छातीत कळ येते, कोणाला फिट येते, कोणी जिवावर उदार होतो. आपल्या देशातल्या तुरुंगांत जे अनैसर्गिक मृत्यू होतात, त्यांत आत्महत्या सर्वांत जास्त असतात, असे सरकारी अहवाल सांगतात. रात्री तीन वाजता त्या माणसाजवळ आई नसते, बायको नसते. शिपाई असतो. त्याने पाहिले तर माणूस वाचतो.

म्हणून प्रकाशाचा रंगही पाहावा लागतो. बाया लुगडे घेताना ते दुकानाबाहेर उन्हात का नेतात? दुकानातल्या दिव्यात रंग फसवा दिसतो म्हणून. स्वस्त बॅटरीचा प्रकाश निळसर पांढरा असतो. त्यात प्रत्येकाचा चेहरा प्रेतासारखा दिसतो. ओठ खरेच निळे पडले आहेत की प्रकाशच निळा आहे, कळत नाही. जमिनीवरचा डाग रक्ताचा की पानाच्या पिंकेचा, तेही कळत नाही. चांगल्या बॅटरीच्या खोक्यावर 'सीआरआय' असे लिहून पुढे आकडा असतो. तो शंभराच्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात. नव्वद असला तर उत्तम. दुकानात आपल्याच तळहातावर प्रकाश टाकून पाहावे. हात जिवंत माणसाचा दिसला पाहिजे.

खोक्यावर आणखीही आकडे असतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, तर दुकानदाराच्या तोंडाकडे न पाहता खोक्याकडे पाहा. 'ल्यूमेन' म्हणजे एकूण प्रकाश किती. दोन मोठ्या सेलच्या जुन्या बॅटरीतून, आत काचेचा दिवा होता तेव्हा, वीस ल्यूमेनच्या आसपास प्रकाश मिळे, आणि त्यावर लोकांनी रात्री काढल्या. आमच्या मते शिपायाला मंद प्रकाश दहापंधरा ल्यूमेन, नेहमीचा शंभर आणि अडीअडचणीला तीनशे एवढे पुरते. 'मीटर' म्हणजे झोत किती लांब जातो. पण हा आकडा कसा काढतात ते ऐका. जेथे प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, तेथपर्यंतचे अंतर मोजतात. चांदण्यात माणूस दिसेल, पण ओळखू येईलच असे नाही. 'तास' या आकड्यातही मेख आहे. पहिल्या प्रकाशाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. 'आयपीएक्स ४' म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसते. 'आयपीएक्स ७' म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते.

काही खोक्यांवर चक्क खोटे छापलेले असते. ते ओळखायला शाळेतले गणित पुरते. चार्जिंगचा जो जाड सेल बॅटरीत असतो, त्यावर १८६५० असा आकडा असतो. पहिले १८ म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, पुढचे ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. त्याच सेलवर समजा २६०० एमएएच आणि ३.७ व्होल्ट असे लिहिले आहे. २६०० ला हजाराने भागा, २.६ आले. त्याला ३.७ ने गुणा. साडेनऊच्या थोडे वर येते. एवढे वॉट-तास त्या सेलच्या पोटात आहेत. एका वॉटमध्ये साधारण शंभर ल्यूमेन प्रकाश मिळतो. म्हणजे तीनशे ल्यूमेनला तीन वॉट, आणि सेल चालेल जेमतेम तीन तास. आता खोक्यावर 'हजार ल्यूमेन, दहा तास' असे असेल, तर दहा वॉट गुणिले दहा तास, शंभर वॉट-तास पाहिजेत. साडेनऊच्या पोटात शंभर कसे मावतील? ९८०० एमएएच लिहिलेले सेलही बाजारात मिळतात. या आकाराच्या सेलमध्ये साडेतीन हजार, फार तर चार हजार मावते. असा सेल हातात आला तर तो तसाच परत ठेवावा.

बटणाचे तर पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. स्वस्त बॅटरी एकदा दाबली की तेज, पुन्हा दाबली की मंद, पुन्हा दाबली की लुकलुक. बराकीत आरडाओरड झाली, शिपाई धावला, बटण दाबले आणि बॅटरी लुकलुकू लागली, तर तो काय पाहणार? एका दाबात नक्की काय लागेल, ते ठरलेले असले पाहिजे. दुकानात डोळे मिटून, बॅटरी पाठीमागे धरून बटण सापडते का पाहा. दुकानदार हसला तर हसू दे.

लांब, जड, धातूची बॅटरी घेऊ नये, असे आम्ही ठाम सांगतो. ती हातात असली की तिचा सोटा होतो. लॉस एंजलिस शहरात २००४ साली पोलिसाने एका माणसाला अशाच बॅटरीने बडवले आणि ते चित्र लोकांनी टीव्हीवर पाहिले. पुढे २००७ मध्ये त्या पोलिसांना आखूड, हलकी बॅटरी देण्यात आली. आणि सोटा हिसकावला गेला तर तो आपल्याच डोक्यात बसतो. तीच गोष्ट दोरीची. बॅटरीला दोरी बांधून ती गळ्यात अडकवायची नाही. गजाजवळ उभे असताना आतून कोणी ती ओढली तर फास बसेल. पट्ट्याला चिमटा लावून अडकवावी.

मोबाईलच्या दिव्याची आपल्याला आता सवय झाली आहे. तुरुंगाच्या आत तो भरवसा नाही, कारण तेथे मोबाईलला बंदी असते. आणि आत मोबाईलला बंदी आहे, म्हणूनच सेल, वायर, चार्जर या वस्तू आत हरवू द्यायच्या नसतात. चोरून आणलेल्या मोबाईलला त्या उपयोगी पडतात. कामावर जाताना जेवढे सेल नेले तेवढे परत आणले का, हे मोजावे. चार्जिंग बाहेर करावे. साधे सेल असतील तर जुना आणि नवा एकत्र घालू नये, आणि बॅटरी पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात.

आपली बॅटरी आत न्यायची असेल तर आधी वरच्या अधिकाऱ्याला विचारावे. सरकारी बॅटरी मिळाली तर तीच वापरावी, पण एक लहान पेन्सिल सेलची खिशात असू द्यावी. एक मोठी असण्यापेक्षा दोन लहान बऱ्या, कारण ज्या रात्री बॅटरी खरोखर लागते त्याच रात्री ती दगा देते, हे पाणी धरणाऱ्या माणसाला सांगायला नको.

आता हे सोडवा

१. एका सेलवर ३००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट लिहिले आहे. त्यात किती वॉट-तास आहेत? शंभर ल्यूमेनवर तो साधारण किती तास चालेल?

२. घरातल्या खिडकीचा एक गज घ्या. त्याच्यावर साबणाची बारीक रेघ ओढून ती बोटाने पुसट करा. रात्री समोरून बॅटरी मारा, मग गजाला लावून मारा. काय फरक दिसला तो वहीत लिहा.

३. पहिल्या बॅटरीच्या खोक्यावर लिहिले आहे: 'दोन हजार ल्यूमेन, आठशे मीटर, लांबी ३० सेंटिमीटर, लुकलुकणारा दिवा.' दुसरीच्या खोक्यावर लिहिले आहे: 'पंधरा, शंभर आणि तीनशे ल्यूमेन, नव्वद मीटर, लांबी ११ सेंटिमीटर, सीआरआय ९०, आयपीएक्स ४.' तुमचा मुलगा येरवड्याला निघाला आहे आणि तुमचा भाऊ उसाला पाणी द्यायला निघाला आहे. कोणती बॅटरी कोणाला द्याल? का?