सही करण्याआधी माझं ऐक

अगं, काल फोनवर तू "करून टाकते सही" म्हणालीस आणि मला राहवेना. नाळेतलं रक्त साठवून ठेवायचा तो फॉर्म अजून भरू नकोस. पोलादपूरपर्यंत माणूस पाठवून, हप्त्यांची सोय देऊन, वर पोटातल्या बाळाची काळजी दाखवून कुणी काही गळ्यात मारत असेल, तर आधी घरच्यांशी बोलावं.

त्याचं निम्मं बोलणं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. नाळेच्या रक्तात मूलपेशी असतात आणि त्यांच्यापासून तांबड्या-पांढऱ्या पेशी, सगळं रक्त नव्याने तयार होतं. 1988 साली पॅरिसला एलियान ग्लुकमन या डॉक्टरांनी नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त देऊन तिच्या आजारी भावाला वाचवलं. पण नीट बघ, रक्त बहिणीचं होतं आणि उपयोगी पडलं भावाला. थॅलेसेमियासारखा दोष बाळ जन्मतःच घेऊन आलं, तर तोच दोष त्याच्या साठवलेल्या रक्तातही असणार. मग ते त्याला काय कामाचं? म्हणूनच आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017च्या नियमावलीत, पुढेमागे स्वतःला लागेल म्हणून नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असं म्हटलंय. घरात आधीचं मूल अशा आजाराचं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या दोन्ही घरांत तसं कुणी नाही.

मूलपेशींनी माणसं बरी होतात, हे मात्र अगदी खरं. 1983 साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी बोन मॅरो बदलण्याचं काम आपल्या देशात सुरू केलं. टाटाचं ते केंद्र आता खारघरला आहे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. रक्ताच्या कॅन्सरला, थॅलेसेमियाला तिथे खरा उपाय आहे. सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळण्याची शक्यता चारात एक. पण तो द्यायची वेळ आली की आपल्याकडे नातेवाईक कच खातात, जन्माचं दुखणं मागे लागेल म्हणतात. तसं काही नसतं गं. देणाऱ्याला बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मग हातातून रक्त मशीनमध्ये जातं, मूलपेशी बाजूला निघतात आणि उरलेलं रक्त परत अंगात येतं. हाडातून काढावं लागलं तरी भूल देऊन काढतात आणि ते पुन्हा भरून येतं. गावात कधी असा प्रसंग आला तर हे सांगायला पुढे हो.

आत्यालाही सांग, गुडघ्यात मूलपेशींचं इंजेक्शन म्हणून कुणी मोठी रक्कम मागितली तर देऊ नकोस. नव्या उपचाराची चाचणी चालू असेल तर तिच्यात पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात.

आता तुझं. बाळ बाहेर आलं तरी नाळ थोडा वेळ धडधडत असते, हाताला लागते. वारेतलं रक्त तेव्हाही बाळाकडे जात असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, निदान एक मिनिट तरी नाळ बांधायची घाई करू नये. त्या मिनिटाभरात बाळाला जे लोह मिळतं, ते पुढचे काही महिने पुरतं. तुझं हिमोग्लोबिन आधीच कमी, मग बाळाला ते जास्तच हवं. पिशवी भरायची म्हटली की नाळ लवकर बांधण्याकडे कल होतो, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे. बाळाच्या वाटचं रक्त बाळालाच मिळू दे.

फाइलमध्ये थॅलेसेमियाची तपासणी झालीय का, तेही बघ. राहिली असेल तर लगेच करून घे. तुम्ही दोघंही वाहक निघालात तरच पुढचा विचार करायचा, आणि तो डॉक्टरांशी, एजंटाशी नाही.

सोमवारच्या तपासणीला मी महाडहून सकाळच्या एसटीने येते. फाइल आणि तो फॉर्म दोन्ही घेऊन ठेव. नाळेचं मी स्वतः डॉक्टरबाईंशी बोलेन, आणि त्या माणसाचा फोन आला तर सरळ माझ्याकडे दे.