कबरींच्या दगडांची साक्ष

प्राचीन ख्रिस्ती लोक छळाच्या भयानें रोम शहराबाहेरील भुयारांत लपून राहत असत, असें आपण पुष्कळदां ऐकतों. आम्हींही उपदेशांत तसें सांगितलें आहे. परंतु तीं भुयारें राहण्याचीं ठिकाणें नव्हतीं. तेथें मृतांस पुरीत. ही चूक ज्या शास्त्रानें दाखविली त्यास ख्रिस्ती पुराणवस्तुशास्त्र म्हणतात.

१५७८ सालीं सालारिया रस्त्यालगत खणतां खणतां मजुरांस एक भुयार लागलें. आंत कबरी, चित्रें व लेख होते. पुढें अंतोनियो बोसियो यानें अशीं भुयारें धुंडाळण्यांत आयुष्य घालविलें. मात्र त्या काळीं रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांचा वाद पेटलेला होता, आणि जो तो तेथें आपल्याच मताचा पुरावा शोधी. भाविक कल्पनेचाही सुकाळ होता. १८०२ सालीं एका कबरीवरील तीन कौलांवर कांहीं अक्षरें मिळालीं. तेवढ्यावरून फिलोमिना नांवाची रक्तसाक्षी कन्या ठरली व तिचें चरित्रही तयार झालें! १९६१ सालीं रोमच्या मंडळीनें तिचें नांव सणांच्या यादींतून काढलें.

या शास्त्रास शिस्त लाविली ती जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी (१८२२–१८९४) यानें. तो कॅथलिकच होता, हें आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. कोणत्या रस्त्यावर कोणाची कबर, हें सातव्या शतकांतील यात्रेकरूंच्या वाटाड्या पुस्तकांत लिहिलेलें होतें. तें त्यानें आधीं अभ्यासिलें. १८४९ सालीं आप्पिया रस्त्याजवळील द्राक्षमळ्यांत त्यास संगमरवराचा फुटका तुकडा दिसला. त्यावर "...नेलियुस, रक्तसाक्षी" एवढेंच होतें; नांवाचा आरंभ तुटलेला. हा रोमचा बिशप कोर्नेलियुस (मृत्यु २५३) असावा, असा त्यानें तर्क केला. पण तर्कावर तो थांबला नाहीं. १८५२ सालीं तेथेंच जमिनीखालीं कबर सांपडली, व उरलेला तुकडाही. दोन्ही जुळले. १८५४ सालीं जवळच तिसऱ्या शतकांतील बिशपांची दफनाची खोली मिळाली. १८६३ पासून तो या विषयाचें नियतकालिक काढूं लागला, आणि १९२५ सालीं रोममध्यें या विद्येची स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

तर मग भुयारांत ख्रिस्ती लोक येतच नसत काय? येत, मृतांचें स्मरण करावयास जमत. म्हणूनच २५७ सालीं बादशहा वालेरियन यानें त्यांस दफनभूमींत जाण्याची बंदी केली, आणि २५८ सालीं बिशप सिक्स्तुस यास दफनभूमींतच चार डीकनांसह ठार मारण्यांत आलें. त्याची कबर दे रोस्सीस सांपडलेल्या त्याच खोलींत होती.